मोझॅकच्या फरशीवरचा लाल खडा

आमच्या इमारतीत जुनी मोझॅकची फरशी आहे. पांढरे, काळे, तपकिरी, मधेच लालसर खडे. घरात वावरायला उत्तम, कारण डाग दिसत नाहीत. घड्याळं उघडून बसणाऱ्या माणसाला मात्र याहून वाईट जमीन मिळायची नाही. पडलेली वस्तू डोळ्यांसमोर असते आणि तरी दिसत नाही.

गॅलरी बंदिस्त करून मी तिथे टेबल मांडलंय. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर झाली की बंद पडलेलं एखादं एचएमटी घेऊन येतो. बहुतेक वेळा ‘जनता’ मॉडेल, रोज किल्ली द्यावी लागणारं. सतरा ज्वेलचं, म्हणजे आस ज्यांत फिरतात ते सतरा कठीण खडे असलेलं, सेकंदाला पाच टिकटिक करणारं साधं यंत्र. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, त्यामुळे आता सुटा भाग म्हणजे दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढलेला भाग. एक स्क्रू हरवला तर अख्खं घड्याळ शोधत फिरा. त्यापेक्षा गुडघ्यांवर बसून फरशी शोधलेली बरी.

पोलादी वस्तूंचं फार काही नाही. स्क्रू, खटक्याची स्प्रिंग वगैरे उडालं की जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फरशीवरून फिरवायचं, मग पिशवी उलटी करून चुंबक बाजूला काढायचं. सापडलेला माल पिशवीत राहतो. त्याआधी उघडलेलं घड्याळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचं. हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची चाल राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलं तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखं पुढे पळायला लागतं.

त्या दिवशी उडाला तो ज्वेल. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, आसाची टोकं अतिशय बारीक असतात, धक्का बसला तर मोडतील, म्हणून ती ज्या बैठकीत फिरतात तिच्यावर टोपीसारखा एक चपटा खडा असतो आणि त्याला वरून इवलीशी स्प्रिंग दाबून धरते. धुवायला म्हणून ती स्प्रिंग सोडवत होतो. चिमट्याखालून ती सटकली, आणि खडा तिच्यासोबत गेला. स्प्रिंग टेबलावरच सापडली. खडा नाही. मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट लाल, पारदर्शक. आणि चुंबकाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे जागचं हलायचं नाही. पंखा बंद. आधी मांडी, शर्टाची घडी, बाहीची दुमड तपासायची, कारण बऱ्याचदा वस्तू अंगावरच असते. मग चपलेचा तळवा. मग टेबलाच्या कडेपासून सुरुवात करून फरशीचा एकेक चौकोन. दिवे घालवून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला की बारीकशा कणाचीही लांब सावली पडते. या युक्तीने मला पूर्वी पितळी वॉशर मिळालेत. पारदर्शक खड्याची सावलीही धड पडत नाही. मिळाला तो तांदळाचा कण, नखाचा तुकडा आणि भरपूर धूळ.

सकाळी केर काढायला मावशी आल्या. त्यांना म्हटलं, "मावशी, आज गॅलरीत झाडू नका."

"काय हरवलं, दादा? सोन्याचं आहे का?"

नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. पण प्रश्न बरोबर होता. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी विकत घेतात, धुऊन त्यातलं सोनं काढतात. आमच्या केरात तसलं काही नाही. हे ज्वेल म्हणजे माणिकच, पण कारखान्यात बनवलेलं. व्हर्नई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये ज्योतीत भुकटी वितळवून माणिक तयार करायची रीत जाहीर केली, आणि घड्याळातले खडे स्वस्त झाले.

हे आठवलं आणि तिथेच वाट सापडली. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि त्याला लाल रंग देतं ते अगदी थोडंसं क्रोमियम. हेच क्रोमियम अतिनील प्रकाश पडला की लाल चमकतं. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. तो आणला आणि रात्रीची वाट पाहिली.

गॅलरीत पूर्ण अंधार करून टॉर्च लावला तेव्हा आधी आपण किती घाणीत राहतो ते कळलं. कपड्यांचे धागे आणि कागदाचे कपटे निळेपांढरे उजळून निघाले, कारण साबणाच्या पावडरीत आणि कागदात पांढरेपणासाठी घातलेली द्रव्यंही याच प्रकाशात चमकतात. फरशीतले लालसर खडे मात्र तसेच मंद राहिले. त्यांचं माणकाशी नातं नाही. (टॉर्च डोळ्यांत मारून घेऊ नये, हे सांगायला हवं.) टेबलाखाली काही नाही. कुंड्यांच्या मागे काही नाही. मी ज्या दिशेला शोधत होतो तिच्या बरोबर उलट, पाठीमागच्या सरकत्या खिडकीच्या पट्टीत निखाऱ्यासारखा लाल ठिपका दिसला. बहुधा भिंतीवर आपटून मागे गेला असणार.

आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर दुसरा ठिपका.

दोन्ही ओल्या काडीच्या टोकाने उचलले, कारण चिमट्याने पुन्हा उडवायची हौस नव्हती. पेट्रोलमध्ये धुऊन भिंगाखाली धरले. एक जनताच्या बैठकीत नीट बसला. त्याला तेलाचा थेंब दिला, वरची स्प्रिंग लावली, आणि हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून केलं. तेव्हापासून स्प्रिंगचं सगळं काम पिशवीतच करतो. दुसरा खडा किंचित मोठा आहे. तो कुठल्या घड्याळाचा हे कळायचं तर माझ्या हातून दुरुस्त होऊन गेलेली सगळी घड्याळं परत मागवून उघडावी लागतील, आणि ती ज्यांच्याकडे आहेत त्यांची तक्रार आलेली नसताना मी मुळीच विचारणार नाही.