आमची वाटचाल : पाठांतर नव्हे, वाचन

आमच्या वाचनवर्गात पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडत नाही, यावरून आम्हाला आजवर सर्वांत जास्त ऐकून घ्यावं लागलं आहे. चौथीतल्या मुलाला फक्त म, क, न, र, ल, स आणि काना? हो, एवढंच. एवढ्यावर नाक, मका, कमान, नकार, सामान हे खरे शब्द वाचून होतात. घ-ध, भ-म, थ-य या सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकदम आणल्या की मूल गोंधळतं, म्हणून एक पक्कं झाल्यावरच दुसरं. प्रवेशाआधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, ही अट सुरुवातीपासून आहे.

सर्वांत जीव लावून केलेलं साहित्य म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या. पट्टीवर फक्त काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार. खालचं अक्षर तेच राहतं, वरची पट्टी बदलते. सुरात बाराखडी म्हणणाऱ्या मुलाला मधूनच ‘के’ दाखवा, ते ‘क, का, कि’ असं पहिल्यापासून म्हणत येतं. पट्टी हवी तेव्हा बदलता येते, त्यामुळे सुराचा आधार सुटतो. पहिली वेलांटी सर्वांत छळते, कारण ती अक्षराआधी दिसते आणि नंतर ऐकू येते. तिथे बोट आधी ‘क’वर, मग डावीकडे वेलांटीवर, आणि मगच ‘कि’ म्हणायचं.

वर्ग बंद पडायची वेळ आली ती जवळच महिन्यात वाचनाची हमी देणारा दुसरा वर्ग निघाला तेव्हा. तिथे बाई धडा वाचून दाखवत, मुलं मागून म्हणत, आणि महिनाअखेरीस पालकांसमोर तोच धडा घडाघडा म्हणून दाखवत. आमची मुलं तेव्हा ‘करवत’पाशी अडलेली. ती का अडतात हे कुणाला ऐकायचं नव्हतं. क, र, व, त असं सुटं म्हटलं की चारही अक्षरं पूर्ण उच्चारली जातात. बोलण्यात मात्र र आणि त पाय मोडून येतात. म्हणून मुलाला आपण काय वाचलं तेच कळत नाही. ‘कर’ आणि ‘वत’ असे तुकडे पाडून दिले की चेहरा खुलतो. पण याला वेळ लागतो, आणि वेळ द्यायला कुणी तयार नव्हतं. बरीच मुलं तिकडे गेली. सुरुवातीपासून सोबत असलेल्या एक शिक्षिकाही गेल्या. ते अजून सलतं.

एक ताई मात्र हलल्या नाहीत. त्यांची दोन्ही मुलं आमच्याकडे होती. धडा बाजूला ठेवा आणि मुलांनी कधीच न पाहिलेलं काहीतरी सर्वांसमोर वाचायला द्या, हे त्यांनीच सुचवलं. आम्ही अर्थ नसलेले शब्द लिहिले : गामूक, टेरिब, नलुसा. पाठांतरावर वाढलेलं मूल पहिलं अक्षर बघून ओळखीचा शब्द ठोकून देतं, ‘गामूक’चं ‘गाजर’ होतं. आमची मुलं हळू वाचत होती, पण फळ्यावर होतं तेच वाचत होती. पालक परत आले ते त्या दिवसापासून. ही चाचणी आम्ही अजूनही पालकांसमोरच घेतो.

नंतरची वर्षं सुरळीत गेली. फक्त जोडाक्षरांना, त्यातही ‘र’ला, जास्त दिवस द्यावे लागतात. ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘वाऱ्या’ आणि ‘सूर्य’ एकाच दिवशी घेऊ नका. रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारला जातो त्याच्या आधी, म्हणून ‘सूर्य’चं ‘सूय्र’ होतं. तो सर्वांत शेवटी घ्या.

नवीन वर्ग काढणाऱ्यांना आणि घरी वाचून घेणाऱ्या आईवडिलांना सांगणं आहे : चित्र झाका, नाहीतर मूल चित्र वाचतं. साठ-सत्तर शब्दांचा उतारा निवडा आणि तोच तीन-चार वेळा वाचून घ्या. चुकलं की लगेच शब्द सांगून टाकू नका. कोणत्या अक्षरावर अडलं तिथे बोट ठेवा आणि थांबा. दहात एकापेक्षा जास्त शब्द चुकत असतील तर तो उतारा मुलासाठी अवघड आहे. मुलाला रागावू नका, उतारा बदला.