कापून ठेवलेले गणपती

मे महिना, दुपारचे दोन. बाहेर ४५ अंश, खिडक्यांवर जुन्या चादरी आणि खोलीत डेझर्ट कूलरची ती एकसुरी घरघर, जिच्याशिवाय नागपूरकराला उन्हाळ्यात झोपच येत नाही. मोठी माणसं आडवी झालेली. मुलं आडवी होत नाहीत. ‘बाहेर जायचं नाही, ऊन लागेल’ हे तिसऱ्यांदा सांगून झालं की कुणीतरी टीव्हीखालचा खण उघडतं आणि हाताला लागतो लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

हा गठ्ठा घरोघरी असतो. कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, आत ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिमुकली नावं. लग्न लागलं, जेवणं झाली, आहेर देऊन झाले, पत्रिका मात्र राहते. रद्दीत घालवत नाही, कारण वर गणपती असतो. जाड पुठ्ठा, पातळ कागद, सोनेरी छपाई, रेशमी गोंडा, असा माल इतवारीतल्या कागदाच्या दुकानात पैसे मोजून आणावा लागतो. इथे तो लोक घरी आणून देतात, वर आग्रहाचं निमंत्रणही.

म्हणून पहिलं काम गणपती कापून बाजूला ठेवण्याचं. श्रद्धा असेल त्याने श्रद्धेने करावं, नसेल त्याने कात्रीचा सराव म्हणून. सोंडेच्या वळणावर सगळी पोरं एकच चूक करतात, कात्री फिरवतात. फिरवायचा असतो तो कागद. कात्रीचा हात एका जागी, अंगठा वर, आणि दुसऱ्या हाताने कागद हळूहळू कात्रीत सरकवायचा. चित्राच्या कडेने दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची, म्हणजे हात चुकला तरी कान शाबूत राहतो. आणि ती प्लास्टिकची रंगीत ‘सुरक्षित’ कात्री कृपा करून देऊ नये. तिने पुठ्ठा कापला जात नाही, नुसता चावला जातो आणि दहा मिनिटांत मूल ठरवून टाकतं की आपल्याला हे येत नाही. गोल टोकाची, पण पोलादी पात्यांची लहान कात्री बरी. मूल डावखुरं असेल तर आणखी एक भानगड. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब ढकलली जातात, कागद मध्येच दुमडतो आणि कापायची रेघ पात्यामागे लपते. दोष हाताचा नसतो. डावऱ्यांची कात्री वेगळी मिळते.

गणपती निघाले की उरतो तो कागद. पत्रिकेवर प्लास्टिकचा चकचकीत थर असेल तर त्या बाजूला ना खळ धरते ना स्केचपेन. शाई बोटाला लागून येते. आतली साधी बाजू बाहेर घ्यावी, किंवा चिकटवायच्या जागेवर पॉलिशपेपर दोनदा फिरवावा. आणि घडी घालण्याआधी कागदाची दिशा बघावी. हे सहसा कुणी मुलांना सांगत नाही, त्यामुळे अर्ध्या डब्या वाकड्या होतात. कापडाला जसा ताणा, तसा यंत्रावर बनलेल्या कागदालाही धागा असतो. बहुतेक तंतू एकाच दिशेने निजलेले असतात. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला की तो आपोआप नळीसारखा गुंडाळतो. नळी ज्या दिशेने आडवी, ती धाग्याची दिशा. ओले तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, म्हणून हे होतं. धाग्याच्या दिशेने घातलेली घडी सरळ बसते. आडव्या दिशेने घातली तर पुठ्ठा तडकतो आणि घडीवर पांढरे ओरखडे उठतात. तसं करणं भागच असेल, तर संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून आधी एक खोल रेघ दाबून घ्यायची. सहा वर्षांचं मूल ही गुंडाळी बघून निदान चार कागद तरी ओले करतं. करू द्यावे.

भिंगरीसाठी जाड पुठ्ठा नको, पत्रिकेच्या आतलं पातळ पान घ्यावं. १२ सेंटिमीटरचा चौकोन, दोन्ही कर्ण घडी घालून उमटवलेले. कोपऱ्यापासून मध्यापर्यंतचं अंतर साधारण साडेआठ सेंटिमीटर भरतं. त्यातलं सहाच कापायचं, अडीच सोडायचं. उत्साहाच्या भरात कात्री मध्यापर्यंत गेली की भिंगरीची चार त्रिकोणी चिटोरी होतात. मग एकाआड एक असे चार कोपरे मध्यावर आणायचे. घडी घालायची नाही, नुसतं वळवायचं. तिथे घडी पडली की वारा धरणारं पोट सपाट होतं. टाचणीत आधी एक मणी, मग कागद, मग दुसरा मणी, आणि टाचणीचं टोक पेन्सिलीच्या मागच्या रबरात. मागचा मणी विसरला की कागद पेन्सिलीला घासतो. भिंगरी फिरत नाही याचं दहापैकी आठ वेळा कारण हेच असतं. उरलेल्या दोन वेळा भोक घट्ट असतं. टाचणी त्यात गोल फिरवून ते जरा सैल करावं.

आता ती कूलरसमोर धरायची, चार-पाच फुटांवरून, तोंड सरळ वाऱ्याकडे. समुद्रकाठच्या पोरांना वारा फुकट मिळत असेल, नागपूरच्या पोरांना तो पाण्याच्या टाकीवरून येतो. त्याचा एक तोटा आहे. पंप चालू असताना येणारा वारा दमट असतो, कागद ओल पितो आणि तासाभरात पाती कानासारखी लोंबतात. मेणबत्ती कागदावर हलकी घासली तर भिंगरी थोडी जास्त टिकते. पण जाळीला दोऱ्याने बांधून ठेवायची युक्ती मुलांना सुचायच्या आधीच नाही म्हणायचं. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय. कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येते. कूलरला हात लावायचा तो मोठ्यांनी, प्लग काढून. भिंगरी मुलाच्या हातातच बरी.

चिकटवायला काय, हा खरा वादाचा मुद्दा. फेव्हिकोल वाईट नाही, पण नागपूरच्या दुपारी तो बोटावरून कागदावर येईपर्यंत वर साय धरतो. मूल मग त्यावर आणखी ओततं, वरून सुकतं, आत ओलं राहतं आणि संध्याकाळी डबी उकलते. व्हिडिओतल्या बाई हसतमुखाने ‘पाच मिनिटं सुकू द्या’ म्हणतात, तेव्हा त्या आपल्याकडच्या कोरड्या मे महिन्यात बसलेल्या नसतात एवढं नक्की. इथे खळच करावी. अर्धी वाटी मैदा अर्ध्या वाटी थंड पाण्यात गुठळी मोडेपर्यंत कालवायचा आणि दोन वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचा, ढवळणं न थांबवता. साठेक अंशांच्या पुढे पिठातला स्टार्च फुगतो आणि पांढरं पाणी अर्धपारदर्शक होऊ लागतं. मंद आचेवर तीन-चार मिनिटं, मग गॅस बंद. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर प्रत्येक कणाभोवती शिजलेली साल होते आणि आत कच्चं पीठ अडकतं. त्याच त्या गुठळ्या, चमच्याने कितीही मारल्या तरी न फुटणाऱ्या. खळ जाड असल्याने कागद सरकवायला वेळ देते, हाताला लागली तर धुतली जाते, आणि बारक्याने चाटली तरी फारसं बिघडत नाही. पुस्तकं बांधणारे जुने जिल्दसाज किडीसाठी खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या खळीत नको. त्यापेक्षा लागेल तेवढीच करावी. ओट्यावर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते, फ्रिजमध्ये तीन दिवस निघतात. दही समजून कुणी ताटात घेऊ नये म्हणून डब्यावर चिठ्ठी लावलेली बरी.

खळ झाली की मुखवटा आलाच. नागपूरच्या पोट्ट्यांना मुखवटा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत ती काळ्या-पिवळ्या मारबती आणि बडग्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या भल्यामोठ्या पुतळ्यांच्या, मागे गेलेली असतात. बांबूच्या कमच्या आणि कागद यांतून केवढं मोठं थोबाड उभं राहतं, ते त्यांनी जवळून बघितलेलं असतं.

घरातल्या मुखवट्याला पालथं पातेलं पुरे. व्हिडिओत फुगा घेतात, पण फुगा गच्चीवर तापला की आतली हवा पसरते आणि ओल्या कागदासकट तो फुटतो. पातेल्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून घ्यायची, म्हणजे मुखवटा सुटून येतो. पेपरचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे फाडायचे, कापायचे नाहीत. फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे असतात, ते शेजारच्या तुकड्यात मिसळतात. कापलेल्या कडेची पायरी रंगानंतरही दिसते. एक थर मराठी पेपरचा, पुढचा इंग्रजीचा, म्हणजे कुठला कोपरा राहिला ते अक्षरावरून कळतं. असे पाच थर.

आता नागपूरची खरी अडचण. २०१३च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात मुखवटा पटकन सुकेल असं वाटतं, आणि तो सुकतोही, फक्त बाहेरून. वरचा थर आकसतो, आतला ओला राहून तसाच असतो आणि मुखवटा पापडासारखा वाकडा होतो. म्हणून दोन थर झाले की थांबायचं. सुकवायचं सावलीत, पंख्याखाली, कूलर नसलेल्या खोलीत. पुढचे थर संध्याकाळी. थांबणं हे मुलांना सगळ्यात अवघड काम, त्यामुळे मुखवटा बहुतेक घरांत दुसऱ्या थरावरच अडतो. अडला तर अडला. दोन थरांचा मुखवटा लिबलिबीत असतो, पण घाबरवायचं काम करतो.

गच्चीवरचं ऊन वाया जाऊ नये असं वाटत असेल तर कोयी आहेत. रसासाठी आणलेल्या गावरान आंब्याच्या, भरपूर केसांच्या. बैगनपल्लीला तेवढे केस नसतात. कोय राखेने किंवा जुन्या टूथब्रशने गराचा अंशही न ठेवता घासायची, नाहीतर रांग लागते ती मुंग्यांची. दोन दिवस कडक उन्हात, मग केस विंचरायचे. दाढीवाला म्हातारा तयार. डोळे काळ्या स्केचपेनने. चष्मा तारेचा, हवा असेल तर. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या ताट्या बदलताना उरलेलं नवं वुडवूल, म्हणजे लाकडाचे केसांसारखे बारीक काप, असेल तर त्याचे पिकलेले झुपके होतात. जुन्या ताटीतलं घेऊ नये, ते खारवलेलं आणि धुळीने भरलेलं असतं. कोयीत कधी कधी किडा असतो. चार दिवसांनी म्हाताऱ्याच्या डोक्याला भोक पडतं आणि एक भुंगा बाहेर येऊन चालू लागतो. याहून यशस्वी हस्तकला दुसरी नाही.

पाचच्या सुमारास कूलरच्या टाकीत पाणी भरायची हाक येते आणि सगळं जिथल्या तिथे टाकून मुलं उठतात. खळीचं पातेलं भिजत घातलं पाहिजे, वाळलेली खळ तारेच्या घासणीलाही दाद देत नाही. चिटोऱ्या केराच्या डब्यात. राहतात ते कापलेले गणपती. सोंड डावीकडे, सोंड उजवीकडे, मोदक असलेले, पानाच्या आकाराचे, नुसत्या दोन रेघांचे. फेकता येत नाहीत, वहीत चिकटवले तर वही फेकता येत नाही. चाळीस झाले की मोजणं सोडून द्यायचं. ते परत त्याच खणात, आणि या लग्नसराईतला नवा गठ्ठा त्यांच्यावर. खण आता पूर्ण बंद होत नाही, जरासा उघडाच राहतो.