आईची सही चालते

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका बँक शाखेत मी कर्जविभाग सांभाळते. पीककर्ज, सोनेतारण, बचतगट हे बारा महिन्यांचं काम. सीईटीच्या जागावाटपाच्या फेऱ्या सुरू झाल्या की त्यात शैक्षणिक कर्जांची भर पडते, आणि घरात कुणी उघड न बोललेल्या गोष्टी आमच्या टेबलावर येऊन बोलल्या जातात.

गेल्या पावसाळ्यात जांबोटी भागातली एक मुलगी आली. सोबत आई, वडील आणि काका. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी म्हणजे इकडची अकरावी-बारावी, सायन्सला. धारवाडच्या कृषी विद्यापीठात तिला बी.एस्सी. अ‍ॅग्रीची जागा लागली होती, शेतकरी कोट्यातून. या कोट्याला कर्नाटकात नुसता शेतकऱ्याचा दाखला पुरत नाही, प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. बियाणं, अवजारं समोर ठेवतात आणि ओळखायला लावतात. कशी गेली म्हणून विचारलं तर तिचा चेहरा खुलला. "वरी आणि राळं शेजारी शेजारी ठेवलेलं, मॅडम. बाजूची पोरं नुसती बघत बसली. मी लहानपणापासनं आज्जीबरोबर पाखडत आलोय."

चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस धरून साडेतीन लाखांचा अंदाज होता. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. पालकाची सहकर्जदार म्हणून सही मात्र लागते. फी भरायची मुदत तोंडावर आली होती.

वडिलांनी पेन घेतलं आणि तसंच धरून बसले.

"हप्ता कधी चालू हुतोय?"

"शिक्षण संपल्यावर एक वर्षानं."

"म्हंजे बरोबर लग्नाच्या टायमाला." पेन त्यांनी टेबलावर ठेवलं. "स्थळ आलं तर काय सांगायचं, मॅडम? पोरीवर कर्ज हाय म्हणून?"

हा माणूस मुलीच्या शिक्षणाच्या विरोधात नव्हता. पीयूसीला सायन्स त्यांनीच घेऊ दिलं होतं, पावसात एसटी चुकली की गाडीवरून आणून सोडलं होतं. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक बाप असेच असतात. 'शिकू नको' असं कुणी म्हणत नाही. 'बेळगावातच बघ की काहीतरी', 'तीन वर्षांचं घे', 'बी.एड.ला बरं पडतंय' असं म्हणत म्हणत मुलीचं स्वप्न कापून घराच्या मापाचं करतात. कापताना कुणाचा आवाजही चढत नाही. म्हणून मुलींनाही त्याविरुद्ध भांडता येत नाही, आणि याचा मला फार त्रास होतो.

याच घरातली थोरल्या मुलाची फाईल दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालून गेली होती. त्या पोराला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम शिकायचं होतं, तसं तो माझ्यासमोर बोललाही होता. पण घरात एक तरी इंजिनिअर हवा, म्हणून सहा लाखांचं कर्ज उचललं. वडिलांनी विचारलेला एकच प्रश्न मला आठवतो: सही कुठं करायची?

आता काका बोलायला लागले. त्यांचा मुद्दा वेगळा होता. हा माणूस गावातली मराठी शाळा टिकावी म्हणून दारोदार फिरलेला, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत दरवर्षी चालणारा. "आपली गावं महाराष्ट्र मागतोय त्या ८६५ गावांतली. महाराष्ट्रात सीमाभागाच्या पोरांना राखीव जागा असतात. तिकडं न जाता ही धारवाडला निघालीया. लोक मला काय म्हणतील?"

सीमाभागात वाढलेल्या कुणालाही या प्रश्नामागचं दुखणं कळतं. मलाही कळलं. पण पिढ्यान्‌पिढ्यांची ती लढाई एका अठरा वर्षांच्या मुलीच्या प्रवेशाच्या कागदावर लढली जावी, हे मला मान्य नाही.

तिनं मात्र शांतपणे उत्तर दिलं. "काका, भातावर करपा पडला की आपल्याकडं सायब येतोय. तो कन्नडात सांगतोय, आज्जी मान हलवून घरी येतीया. मी शिकून आलो की तिला मराठीतनं सांगीन. धारवाडला शिकल्यानं माझी मराठी कुठं जातीया?"

काका गप्प झाले. पटलं की नाही, हे मला अजूनही सांगता यायचं नाही.

आई या सगळ्यात भिंतीकडच्या बाकावर बसून होती. तिचं नाव मला बचतगटाच्या नोंदींत दिसत होतं. गटाचं प्रत्येक कर्ज वेळेत फेडलेलं. मी म्हटलं, "मामा, तुमचीच सही पाहिजे असं नाही. आईची चालते."

सगळ्यांनीच माझ्याकडं बघितलं. मुलीला हे ठाऊकच नव्हतं.

आई काही लगेच उठली नाही. "माझी कशाला? उद्या कायबी झालं तर बाईनं सही केली म्हणून झालं म्हणतील." मग थोड्या वेळानं, नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "पोराच्या टायमाला सहा लाख काढले. सुनंच्या घरची काय म्हणतील, असं कुणी इचारलं न्हाई."

मी आकडेमोड करून दाखवली. फेड पंधरा वर्षांपर्यंत लांबवता येते, साठलेलं व्याज धरूनही हप्ता महिन्याला पाच हजारांच्या आत बसतो. नोकरी लागलेल्या मुलीला तो जड नाही. लग्न झालेल्या मुलींनाही हे कर्ज मिळतं, तिथं नवरा किंवा सासू-सासरे सहकर्जदार होऊ शकतात, हेही सांगितलं. म्हणजे कर्ज असणं हा लग्नातला दोष आहे असं बँक तरी मानत नाही.

आईनं टेबलाशी येऊन सही केली. अक्षरं मोठी, एकेक सुटं. ती पेन ठेवायच्या आत वडिलांनी हात पुढं केला. "माझी बी घ्या. तिच्या एकटीच्या डोक्यावर नको."

कर्ज मंजूर झालं, फी मुदतीत भरली गेली. खानापुरातून लोंढा-अळणावरमार्गे रेल्वे थेट धारवाडला जाते, त्यामुळं सणावाराला ती घरी येते. त्या दिवसापासून मी अर्ज पुढं ठेवण्याआधी आईलाही खुर्चीवर बसवते आणि सहीचा नियम सगळ्यांसमोर आधी सांगते. काही आया तरीही मान हलवून नको म्हणतात. काही जणी पेन मागतात.

मध्यंतरी वडील पीककर्जाच्या नूतनीकरणाला आले होते. मुलीला एक स्थळ सांगून आलंय म्हणाले. शिक्षण पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही, यावर घरात एकमत आहे. कर्जाचं आधीच सांगून टाकायचं की नाही, यावर नवरा-बायकोचं अजून जमलेलं नाही.