पुठ्ठ्यावरचे ठिपके

गेले चार महिने रोज रात्री मी गाडीखाली पुठ्ठा सरकवत होते आणि सकाळी ओढून काढून ठिपके मोजत होते. इंजिन ऑइल नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. बोटाला लावून हुंगलं तर गंधकाचा वास, नाकात बसणारा. गिअर ऑइलचा हा वास साबणाने दोनदा हात धुतले तरी जात नाही.

पहिला संशय ड्रेन प्लगवर, म्हणजे गिअरबॉक्समधलं जुनं ऑइल काढायच्या बुचावर. त्याचा वॉशर चेपला जाऊन फट बंद करतो, म्हणून तो दर वेळी नवा टाकायचा असतो. मागच्या वेळी मी जुनाच लावला होता. नवा टाकला, तरी ठिपके होतेच.

मेकॅनिकने डाव्या ड्राइव्ह शाफ्टपाशी, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यापाशी, बोट फिरवलं. "ताई, सील गेलंय." सील म्हणजे दांड्याभोवतीची, ऑइल आत अडवणारी रबरी कडी. सगळं ओलं होतंच तिथे, वाद घालायला जागा नव्हती. नवं सील बसलं आणि दहा दिवस पुठ्ठा कोरडा राहिला. त्या दहा दिवसांत गाडी जेमतेम दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येत होती, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. नंतर एका लांबच्या फेरीहून आले आणि दुसऱ्या सकाळी उजवीकडे ठिपके! तेही सील बदललं.

मधल्या काळात सल्ले आले. जाड ऑइल घाल, गळती थांबवणारी बाटली ओत. मी ऐकलं नाही. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत गिअर ऑइलचा जाडपणा आणि दर्जा ठरवून दिलाय: ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. जाड ऑइल घातलं की थंड गाडीत गिअर अडकत पडतात, आणि गळती थोडी हळू झाली तरी कारण आहे तिथेच राहतं.

तिसऱ्यांदा ठिपके दिसल्यावर मेकॅनिककडे न जाता मी गाडी चारही बाजूंनी स्टँडवर समपातळीत चढवली. जुनी ओल असली की काही कळत नाही. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे नेतो आणि जिथे थेंब लोंबतो तिथून ते निघालेलं असेलच असं नाही. गिअरबॉक्स ब्रेक क्लीनरने धुतला, वाळू दिला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मग साठेक किलोमीटर गाडी हाणून आले. पावडरीवर एकच ओघळ होता, गिअर सिलेक्टरच्या शाफ्टपासून, म्हणजे गिअर बदलणाऱ्या दांड्यापासून, खाली आलेला. दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट पांढरेशुभ्र.

म्हणजे आता तिसरं सील. काढलेलं डावं सील मी ठेवून दिलं होतं. ते पुन्हा उजेडात धरलं. रबराची कड मऊ, कुठे चीर नाही, आतली स्प्रिंग जागेवर. मग चार महिन्यांत तीन सीलं ओळीने कशी जातील? आणि तीही फक्त लांब गाडी चालवल्यावरच?

गाडी अजून गरम होती. हातमोजे घालून, तोंड बाजूला ठेवून फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचं बूच, अगदी सावकाश सैल केला. फुस्स! आत हवा कोंडली होती. थोडं ऑइल बाहेर आलं, पण पातळी भोकाच्या खालच्या काठाशी, अगदी बरोबर. म्हणजे जास्तही भरलेलं नव्हतं.

गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. ती बाहेर जायला वर ब्रीदर असतो, माझ्या गाडीत त्याला छोटी रबरी नळी आहे. तो तुंबला तर दाब सगळ्यात कच्च्या सीलमधून वाट काढतो. ते बदललं की त्याच्यानंतरचं कच्चं शोधतो. क्लचकडचं सील गाठलं असतं तर ऑइल क्लच प्लेटवर आणि दुरुस्तीसाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा.

ब्रीदर बॅटरीच्या ट्रेखाली आहे. ट्रे उचलला तर नळी त्याखाली चेपून पार सपाट झालेली. आणि बॅटरी कोणी बदलली होती? मीच, गळती सुरू व्हायच्या आधीच्याच महिन्यात, "एवढ्यासाठी कशाला मेकॅनिक" म्हणत.

नळीला भेग पडली होती, ती बदलली, ट्रेच्या बाजूने मोकळी वळवली. सिलेक्टरच्या सीलला हातही लावला नाही. पाच आठवडे झाले, त्यात तीन लांबच्या फेऱ्या. पुठ्ठा कोरडा आहे. मेकॅनिकला फोन करून सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, बॅटरीचं तुम्ही मला सांगितलंच नव्हतं."

त्याने विचारलंही नव्हतं. पण हे मी बोलले नाही.