मातीत काय शिकायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून

गावाकडं गेले की हा प्रश्न ठरलेला. "पोरी, माती तर आमच्या पायाखाली हाय. तिच्यात तू इतकी वर्सं काय शोधायलीस?" चुलते विचारतात, शेजारच्या मावशी विचारतात. मुलाला इंजिनिअरिंगला घालायच्या विचारात असलेले वडील वेगळ्या शब्दांत तेच विचारतात: बी.ई. झालं, एम.ई. झालं, मग नोकरी सोडून पीएच.डी.साठी पुन्हा विद्यापीठाच्या विभागात विद्यार्थी कशाला व्हायचं? उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगची. माझा विषय काळी माती आणि तिच्यावर उभं राहणारं साधं, एकमजली घर.

आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झिजून झिजून ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके पातळ, आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. पावसाळ्यात माती फुगते, एप्रिल-मेमध्ये वाळून आकसते, रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हा गुण हवाच असतो. ही माती ओल धरून ठेवते म्हणून तर परभणीकडं रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. घराला मात्र तोच गुण बाधतो. जुन्या माणसांना याची पक्की जाण होती. त्यांनी गावं पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, वसवली आणि काळी पेरायला ठेवली. पुढं कुटुंबं वाढली, वाटण्या झाल्या, गावठाणात जागा उरली नाही. आता घरकुल मंजूर होतं आणि पाया खणला जातो तो गावाबाहेरच्या काळ्या रानात.

या विषयाकडं मी वळले त्याचं खरं कारण पुढं आहे. माती फुगताना वरच्या बांधकामाला उचलू पाहते. चार-पाच मजली इमारतीचं वजन तो दाब बऱ्यापैकी थोपवून धरतं. दोन खोल्यांच्या घराला तेवढं वजनच नसतं, त्यामुळं ते उचललं जातं. उन्हाळ्यात भिंतीलगतची माती वाळते, फरशीखालची ओलीच राहते, आणि घराच्या कडा खचतात. पाऊस लागला की कडा वर येतात. दरसाल हा खेळ चालला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो, दार चौकटीत बसेनासं होतं. म्हणजे ज्यानं पै-पै जोडून कसंबसं घर बांधलं, त्यालाच या मातीचा सगळ्यात जास्त त्रास. हे मला एम.ई.ला असताना पुस्तकात कळलं आणि त्यानंतर डोक्यातून गेलंच नाही.

आमच्याकडं तडा दिसला की लोक आधी भूकंपाचं नाव घेतात. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट कुणी विसरलेलं नाही, आणि हिंगोली-वसमतकडं २०२४मध्येही हादरे बसले. घाबरणं साहजिक आहे. मी सांगते, तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करा, शेजारी तारीख लिहा आणि वर्षभर बघत राहा. हंगामाबरोबर उघडत-मिटत असेल तर तो मातीचा तडा.

आता विभागात बसून मी करते काय, तेही सांगते. माती ओव्हनमध्ये वाळवायची, बारीक करायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. १०० मिलिलिटरच्या काचेच्या दोन मोजपात्रांत ते टाकून एकात रॉकेल भरायचं, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी. हवेचे बुडबुडे निघून जावेत म्हणून काचेच्या कांडीनं हलकेच ढवळायचं आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलात ही माती फुगत नाही, ती दहा-अकराच्या रेघेवर बसून असते. शेजारच्या पात्रात तेवढीच माती अठरा-वीसवर गेलेली असते. या फरकाला रॉकेलातल्या आकारमानानं भागायचं आणि शंभरनं गुणायचं. उत्तर ५०च्या वर गेलं तर एका भारतीय मानकाप्रमाणं ती माती फुगण्यात सगळ्यात वरच्या गटात येते. आमच्या भागातल्या कित्येक नमुन्यांचा आकडा त्याच्याही बराच पुढं असतो.

चुलते म्हणतात, हे तर आम्हाला आधीच ठाऊक होतं. खरं आहे. कुठल्या वावराची माती जास्त चिकट, कुठली लवकर भेगाळते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण पायाखाली मुरूम दोन फूट भरायचा की चार, हे गवंड्याला सांगायचं तर आकडा लागतो.

मग इतकी वर्षं का? पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, हे सगळं आहेच. पण खरा वेळ माती घेते. तिच्यात चुना मिसळला की फुगण्याची खोड लवकर कमी होते. ताकद यायला मात्र चुन्याची मातीतल्या सिलिका-ॲल्युमिनाशी प्रक्रिया व्हावी लागते, आणि ती आठवडे, महिने चालते. म्हणून काही नमुने ७ दिवसांनी, काही २८ दिवसांनी, काही ९० दिवसांनी तपासायचे. आणि प्रत्यक्ष जमिनीवर काय होतं हे बघायचं तर दोन-तीन पावसाळे तरी हवेत. मराठवाड्यात एखादं साल कोरडं गेलं की तेवढं काम पुढं ढकललं जातं. त्यात फेलोशिपचे पैसे वेळेवर येतील याचा भरवसा नाही. घरी हे समजावणं प्रयोगापेक्षा अवघड जातं.

एक मात्र स्पष्ट बोलते. मातीत कुठली तरी राख पाच, दहा, पंधरा टक्के मिसळायची, आलेख काढायचा, पेपर छापायचा, असं काम आपल्याकडं ढिगानं होतं आणि त्यातून कुणाचाही पाया बदलत नाही. परळीच्या वीज केंद्राची राख आहे, साखर कारखान्यांत उसाचं चिपाड जाळून उरलेली राख आहे. दोन्ही उपयोगी पडू शकतात. पण ती राख बांधकामापर्यंत न्यायला किती खर्च येईल, ती गवंड्याच्या हातून नीट मिसळली जाईल का, हे विचारल्याशिवाय ते संशोधन अर्धंच राहतं.

उपाय नाहीत असं नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, कधीच विकसित केले. काळ्या मातीत ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, म्हणजे ऋतूप्रमाणं हलणाऱ्या थराच्या खाली. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं की, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण मीटरभर थर नीट धुमसून भरला तर खालची काळी माती आवरली जाते. नुसती वाळू भरून हे साधत नाही, कारण वाळूतून पाणी सरळ खाली उतरतं. हे ज्ञान कित्येक दशकांचं आहे. घरकुलाच्या बजेटात ते बसवायचं काम मात्र राहून गेलंय, आणि माझा प्रबंध तेवढ्यावरच आहे: जवळच्या खाणीतला मुरूम, त्याच खड्ड्यातून निघालेली काळी माती आणि थोडा चुना, यांचा कमीत कमी किती जाड थर पुरेल.

पुण्या-मुंबईला का गेले नाही, याचंही उत्तर यातच आलं. तिथली यंत्रं आमच्यापेक्षा चांगली आहेत. माझी माती इथं आहे, ती ज्यांना नडते ती माणसंही इथंच आहेत, आणि मे महिन्यात भेग मोजायची तर सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

तुमचं बांधकाम निघणार असेल तर तपासायला वरवरची माती आणू नका. पाया जिथं बसणार त्या खोलीवरची दोन-तीन किलो माती पिशवीत घाला, आणि चिठ्ठीवर गाव, खोली आणि तारीख लिहा. आणि बांधून झाल्यावर घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उताराची फरशी करा. न्हाणीचं पाणी भिंतीच्या कडेला मुरू देऊ नका, ते पाइपनं लांब न्या. एवढ्यासाठी माझा प्रबंध पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही.