अॅनफिल्डची पिलबाग

भुसावळ, शुक्रवार, २६ एप्रिल २०२४, रात्री अकरा

फेयेनूर्डचा प्रशिक्षक आर्ने स्लॉट याला सोडण्यासाठी द्यायच्या भरपाईच्या रकमेवर इंग्लंडमधला लिव्हरपूल आणि नेदरलँड्समधला फेयेनूर्ड या दोन फुटबॉल क्लबांचे एकमत झाल्याची बातमी आज आली. काल स्लॉटने स्वतःच नेदरलँड्सच्या दूरचित्रवाणीवर सांगितले होते की, लिव्हरपूलला जाण्याची आपली इच्छा आहे आणि दोन्ही क्लबांची बोलणी पूर्ण होण्याची आपण वाट पाहत आहोत. त्यामुळे आजच्या बातमीने दचकायला झाले नाही. तरीही, २६ जानेवारीला लिव्हरपूलचा प्रशिक्षक युर्गेन क्लॉप याने मोसमाअखेर क्लब सोडणार असल्याचे जाहीर केले त्याला आज बरोबर तीन महिने झाले, आणि या तीन महिन्यांत मनाच्या एका कोपऱ्यात सतत जागा असलेला ‘क्लॉपनंतर कोण?’ हा प्रश्न आज एका माणसाच्या नावाशी येऊन थांबला. त्या माणसाविषयी मला नेमके काय वाटते, हे १९ मे रोजी अॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, क्लॉपचा शेवटचा सामना होण्याआधी, मन स्थिर असताना लिहून ठेवावे म्हणून आज वही उघडली.

मन स्थिर आहे असे म्हणालो, पण ते पूर्णपणे खरे नाही. बुधवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला एव्हर्टनविरुद्धचा सामना पाहायला मी एकटा जागा होतो. छतावर अंथरूण टाकून घरचे सगळे झोपले होते आणि मी खाली आवाज बंद करून टीव्हीसमोर बसलो होतो. एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर आपण, म्हणजे लिव्हरपूल, ०-२ असे हरलो. त्या मैदानावर एव्हर्टनने आपल्याला २०१० नंतर प्रथमच हरवले. त्याआधी अॅनफिल्डवर अटलांटाकडून ०-३ आणि क्रिस्टल पॅलेसकडून ०-१. महिनाभरापूर्वी विजेतेपद हाताशी आल्यासारखे वाटत होते. आज इंग्लंडच्या लीगमध्ये आर्सेनल ७७, मँचेस्टर सिटी एक सामना कमी खेळून ७६ आणि आपण ७४ गुणांवर आहोत. क्लॉपला साजेसा निरोप मिळणार नाही, याचे दुःख आहेच. परंतु या दुःखाच्या भरात नव्या माणसाकडे संशयाने पाहणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल, म्हणून गेले दोन दिवस मी फेयेनूर्डचे जुने सामने मिळतील तेवढे पाहिले आणि स्लॉटने आजवर काय केले ते नीट समजून घेतले.

माझे मत एका गोष्टीवर ठरले आणि ती गोष्ट विजेतेपदाची नाही. २५ मे २०२२ रोजी अल्बेनियातील तिराना येथे कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि स्लॉटचे फेयेनूर्ड जोझे मोरिन्यो प्रशिक्षक असलेल्या इटलीतल्या रोमाकडून ०-१ असे हरले. त्या रात्री फेयेनूर्डच्या पहिल्या अकरांत जे खेळाडू होते, त्यांतले सात जण पुढच्या मोसमात क्लबमध्ये नव्हते. मलासिया मँचेस्टर युनायटेडला गेला, सिनिस्टेरा लीड्सला, सेनेसी बोर्नमथला, आउर्सनेस बेन्फिकाला. टिल, नेल्सन आणि डेसर्स हे उधारीवर आलेले तिघे परत गेले. बिलो, गेर्ट्राउडा, ट्राउनर आणि कोकचू असे चौघेच मागे राहिले. एका उन्हाळ्यात बचावाची डावी बाजू, मधल्या फळीचा कणा आणि सगळी आघाडीची फळी निघून जाणे म्हणजे काय, हे फुटबॉल पाहणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक दोन वर्षांची मुदत मागून घेतात आणि समर्थकही ती आनंदाने देतात.

स्लॉटने त्याच मोसमात, १४ मे २०२३ रोजी, लीग जिंकली. ३४ सामन्यांत २५ विजय, ७ बरोबरी आणि फक्त २ पराभव, म्हणजे ८२ गुण. त्याआधी फेयेनूर्डने २०१७ मध्ये आणि त्याच्याही आधी १९९९ मध्ये लीग जिंकली होती, यावरून ही गोष्ट तिथे किती दुर्मीळ आहे हे कळते. नव्याने आणलेल्या खेळाडूंची नावे पाहिली तर त्यांत मोठ्या किमतीचा तारा कोणी नव्हता. मॅट्स वीफर हा एक्सेल्सियरसारख्या छोट्या क्लबाकडून दुसऱ्या दर्जाची लीग खेळून आला आणि वर्षभरात नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघात पोहोचला. सांतियागो हिमेनेझ मेक्सिकोहून आला. स्लॉटने त्याला आरंभी बऱ्याचदा राखीव बाकावरून उतरवले, घाई केली नाही, आणि मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर लीगमधले १५ गोल होते. हांको प्रागहून आला आणि बचावाच्या डाव्या बाजूला असा स्थिरावला की सेनेसीची आठवण कोणी काढली नाही. त्या मोसमात कट्टर प्रतिस्पर्धी आयाक्सला त्यांच्या घरच्या मैदानावर ३-२ ने हरवले, तोही २००५ नंतरचा तिथला लीगमधला पहिलाच विजय. याच महिन्यात रॉटरडॅमला, म्हणजे फेयेनूर्डच्या घरी, आयाक्सचा ६-० असा पराभव केला आणि गेल्या रविवारी नाइमेखेनच्या संघाला हरवून नेदरलँड्सचा चषकही मिळवला.

आज सकाळी सावद्याजवळ सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, शेतावर गेलो होतो. चैत्राचे ऊन नऊ वाजताच अंगावर येते, म्हणून लवकर निघालो. आप्पांची यंदाची केळी पिलबागेची आहे. मुख्य बागेचा घड उतरला की त्याच कंदातून फुटलेल्या पिलावर पुढचे पीक घेतात. नवी लागवड करावी लागत नाही, मुळे आधीच खोल गेलेली असतात आणि पीकही लवकर हाती येते. परंतु एका झाडाच्या बुडाशी चार-पाच पिले फुटतात, त्यांतले एकच, योग्य अंतरावरचे आणि योग्य वयाचे, राखायचे असते आणि बाकीची विळ्याने वेळीच कापावी लागतात. आप्पा ते काम कोणा मजुरावर सोपवत नाहीत. मी विचारले तेव्हा वाकल्या वाकल्याच म्हणाले, “जावईबापू, सारेच पिलं ठेवले त घड कशाचा येईन?” घड उतरलेले जुने खोडही ते लगेच आडवे करत नाहीत; त्यातला रस उतरून पिलाला मिळावा म्हणून काही काळ उभे ठेवतात.

परतीच्या वाटेवर मी सगळा वेळ लिव्हरपूलचाच विचार करत होतो. फेयेनूर्डमध्ये स्लॉटने जे केले ती नवी लागवड होती. अॅनफिल्डवर त्याला पिलबाग मिळणार आहे. गेल्या उन्हाळ्यात क्लॉपने मधली फळी जवळजवळ पूर्ण बदलली. हेंडरसन, फाबिन्यो, मिलनर गेले आणि मॅक अॅलिस्टर, सोबोस्लाई, एंडो, ग्राफनबर्ग आले. फेब्रुवारीत वेम्बलीवर चेल्सीविरुद्ध जादा वेळेत लीग कप जिंकला, तेव्हा मैदानावर अकादमीतली कोवळी मुले उभी होती. मुळे खोल आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न विळ्याचा आहे. अलेक्झांडर-आर्नोल्डला उजव्या बचावावर ठेवायचे की मधल्या फळीत आणायचे, नून्येझवर अजून किती थांबायचे, ग्राफनबर्गची खरी जागा कोणती, आणि सलाह व फॅन डाइक यांचे करार २०२५ मध्ये संपत असताना त्यांच्याविना उभा राहणारा संघ मनात कधीपासून रचायचा, हे निर्णय नव्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच घ्यावे लागतील. हिमेनेझ आणि वीफर यांच्या बाबतीत त्याने दाखवलेली पारख पाहता, हे निर्णय तो डोळे झाकून घेणार नाही असे मला वाटते.

त्याच्या खेळाची पद्धतही आपल्याला परकी नाही. चार जणांची बचावफळी, समोरच्या गोलरक्षकाने चेंडू पायाशी घेतल्यापासून दबाव, चेंडू हिसकावताच थेट पुढे. गेर्ट्राउडा हा त्याचा उजवा बचावपटू चेंडू आपल्याकडे असताना आत सरकून मधल्या फळीत उभा राहतो, आणि गेल्या वर्षभरात अलेक्झांडर-आर्नोल्ड नेमके तेच करतो आहे. क्लॉपच्या जागी रुबेन आमोरिमचे नावही बरेच घेतले जात होते, त्याने पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला २०२१ मध्ये १९ वर्षांनंतर लीग जिंकून दिली हे मोठेच काम आहे. पण तो तीन मध्यवर्ती बचावपटू घेऊन खेळतो आणि त्यासाठी आपला अर्धा संघ नव्याने शिकवावा लागला असता. आपला जुना खेळाडू चावी आलोन्सो प्रशिक्षक म्हणून यावा असे मला मनापासून वाटत होते, कारण २००५ च्या इस्तंबूलच्या रात्री, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानविरुद्ध ०-३ वरून बरोबरी साधणारा तिसरा गोल त्याचा होता आणि त्या रात्रीमुळेच मी या क्लबाचा झालो. रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत वडील आणि मी मिळून तो सामना पाहिला होता. आलोन्सोने मार्चअखेर जर्मनीतल्या लेव्हरकुसेनलाच राहण्याचे ठरवले आणि पंधरवड्यात तिथे लीग जिंकली. त्याचा निर्णय योग्यच होता.

काळजी वाटते ती दोन गोष्टींची. पहिली युरोपातल्या बाद फेरीची. रोमाने स्लॉटच्या फेयेनूर्डला तीन वर्षांत तीनदा बाहेर काढले: २०२२ चा अंतिम सामना, २०२३ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत जादा वेळेत, आणि यंदा फेब्रुवारीत पेनल्टी शूटआऊटवर. एकदा हरणे समजू शकते, पण तोच प्रतिस्पर्धी, मागे दाट उभा राहणारा, वेळ काढणारा, पुन्हा पुन्हा मात करतो तेव्हा त्या कोड्याचे उत्तर प्रशिक्षकाला सापडलेले नाही असेच म्हणावे लागते. इंग्लंडमध्ये अॅनफिल्डवर येणारे निम्मे संघ तसेच खेळतात. पॅलेसविरुद्ध आपण याच महिन्यात ते भोगले आहे.

दुसरी काळजी लीगच्या दर्जाची. नेदरलँड्समध्ये नाव कमावलेला फ्रँक डी बोअर २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आला आणि लीगचे चार सामने, चार पराभव, एकही गोल नाही, एवढ्यावर त्याला जावे लागले. एरिक टेन हागने मँचेस्टर युनायटेडला पहिल्या वर्षी लीग कप दिला, तिसऱ्या स्थानावर नेले, आणि यंदा त्याच्या संघाला सूर सापडलेला नाही. स्लॉट यांच्याहून वेगळा आहे हे मला दिसते, पण ते सिद्ध करायला त्याच्याकडे इंग्लंडमधला एकही सामना नाही. त्याच्या मागे क्लॉपसारख्या मोठ्या माणसाची सावलीही आहे. फर्ग्युसननंतर आलेल्या मोयेसला युनायटेडने दहा महिन्यांत काढले. आपल्याकडे शँक्लीनंतर १९७४ मध्ये पेझ्ली आला आणि नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकून गेला, पण पेझ्ली घरातलाच होता, खेळाडूंना तो आधीपासून ओळखत होता. स्लॉट बाहेरून येतो आहे.

त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट मी विसरू इच्छित नाही. २०१९-२० मध्ये एझेड आल्कमारचा प्रशिक्षक असताना त्याने आयाक्सला लीगमध्ये दोन्ही वेळा हरवले. करोनामुळे मोसम थांबला तेव्हा दोन्ही संघांचे ५६ गुण होते, आयाक्स केवळ गोलांच्या फरकाने पुढे होते आणि विजेता कोणालाच घोषित केले नाही. पुढच्या डिसेंबरात फेयेनूर्डशी बोलणी चालू असल्याचे कळताच एझेडने त्याला काढून टाकले. गेल्या वर्षी टॉटनहॅमचे बोलावणे आले असताना मात्र तो फेयेनूर्डलाच राहिला, आपण उभा केलेला संघ चॅम्पियन्स लीगमध्ये घेऊन गेला, आणि आत्ता, चषक जिंकून, उघडपणे आपली इच्छा सांगून निघतो आहे. ४५ वर्षांचा हा माणूस आपल्या चुकीवरून शिकला आहे, असे मी यातून समजतो, आणि खेळाडूंपुढे उभा राहणाऱ्या माणसात हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

वडील रेल्वेच्या संघातून डाव्या बचावावर खेळत. नवा प्रशिक्षक आला की ते पहिले दोन आठवडे त्याच्याविषयी चकार शब्द काढत नसत. तो हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सरावाला कसा येतो ते बघू, म्हणत. ते असते तर आज त्यांना फोन करून फेयेनूर्डच्या त्या सात खेळाडूंची गोष्ट सांगितली असती. माझा कौल स्लॉटच्या बाजूने आहे, आणि तो मी हातचे न राखता देतो आहे. पहिल्या मोसमात त्याच्याकडून विजेतेपदाची अपेक्षा मी ठेवणार नाही. पहिल्या चारांत जागा आणि मागे दाट उभे राहणाऱ्या संघांविरुद्ध एखादी नवी वाट एवढे दिसले तरी मी समाधानी असेन.

उद्या संध्याकाळी पाचला वेस्ट हॅमविरुद्ध सामना आहे. क्लॉपचे आता चारच उरले. उद्याचा सामना घरच्यांना सोबत घेऊन, टीव्हीचा आवाज मोठा ठेवून पाहणार आहे.