तुम्ही विचारलंत म्हणून : रद्दीतून इतिहास कशाला?

पाठ्यपुस्तकात सगळे असताना 1971 ते 1980 या दशकासाठी मी नववीच्या वर्गात जुन्या वर्तमानपत्रांची पहिली पाने का पसरतो, असे पालक विचारतात आणि शाळेत नव्याने आलेले शिक्षकही विचारतात. पुस्तक लिहिणाऱ्याला त्या काळाचा शेवट ठाऊक असतो, पण पहिल्या पानावरचे छायाचित्र निवडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय होणार याचीही कल्पना नव्हती. ते न कळणे मुलांनी अनुभवावे, असे मला मनापासून वाटते.

त्या काळी बहुतेक मराठी दैनिके खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवून छापली जात आणि प्रत्येक छायाचित्रासाठी जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करावा लागे. ते काम खर्चाचे, म्हणून पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचे ब्लॉक जपून ठेवत आणि पुनःपुन्हा वापरत. निवडणूक असो वा राजीनामा, तोच चेहरा, तीच मान किंचित वळलेली, हे मुलांच्या लक्षात येते, तेव्हा छायाचित्र म्हणजे घटनेचा पुरावाच असे मानायची त्यांची सवय सुटते. 16 डिसेंबर 1971 चे ढाक्यातले शरणागतीचे छायाचित्र त्यांना लगेच कळते. त्यावर मी फार वेळ घालवत नाही. आणीबाणीवर मात्र थांबतो. प्रसिद्धीपूर्व तपासणी सुरू झाल्यावर 28 जून 1975 रोजी दिल्लीच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, हे सांगितले की मुले पानावर काय नाही तेही शोधू लागतात.

गेल्या वर्षी हाती 1972 च्या दुष्काळातले एक पान होते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्याच एका दुष्काळी कामाची पाहणी करणारे पाहुणे समोर उभे, आणि मागे डोक्यावर पदर घेऊन खडी फोडणाऱ्या बाया. भिंग धरले तर पाहुण्यांचा चष्मासुद्धा दिसतो. मागच्या बाईचा चेहरा मात्र चार-सहा काळ्या ठिपक्यांवर संपतो. ओळीत उभ्या असलेल्या सर्वांची नावे खाली डावीकडून दिलेली होती. “सर, या बायांची नावं काऊन नाहीत?” एका मुलीने विचारले, आणि मी उत्तर न देता ते पान तिला घरी नेऊ दिले.

तिच्या आजीने त्या वर्षी पाझर तलावावर माती वाहिली होती. वाटपाची सुकडी, मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकर, आठवड्याच्या पगारासाठी हजेरीपटावर उठवलेला अंगठा, हे सारे मुलीने दोन पाने भरून लिहून आणले. अशाच कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 चा कायदा झाला, हे मी त्यानंतर शिकवले. वर्गाला ते पुन्हा सांगावे लागले नाही. आजींनी भिंगातून बराच वेळ पाहिले. स्वतःचा चेहरा त्यांना सापडला नाही, पण कोपऱ्यातली बाभूळ त्यांनी ओळखली. ती आजही तलावाच्या भिंतीजवळ आहे, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सगळे ती पाहायला गेलो.